अर्ध्या इंचाला एक फूट

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा माझा मोठा भाऊ तिथल्या एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. आम्ही पालघरला माहीम रस्त्याला दोन खोल्यांत राहायचो. आई, दादा आणि मी. वडील मी सातवीत असतानाच गेले होते. दादा सकाळच्या गाडीनं बोईसरला उतरायचा, तिथून ऑफिसच्या ट्रकनं पुढे जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. मी गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गातले सगळे तक्ते त्याच्याच हातचे होते. रेघ ओढताना तो श्वास रोखून धरायचा, आणि तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही.

चंद्रावर माणूस उतरला त्याच्या आदल्या हिवाळ्यात साइटवरचा एक अमेरिकन इंजिनीअर काम संपवून मायदेशी निघाला. त्याच्या बायकोनं घरातलं सामान ऑफिसातल्या लोकांत वाटून टाकलं. कुणाला पंखा मिळाला, कुणाला खुर्च्या. दादाच्या वाट्याला एक पत्र्याचं खेळणं आणि थोडी चित्रांची मासिकं आली. आमच्या घरात लहान मूल नव्हतं, पण नको म्हणणं बरं दिसलं नसतं म्हणून तो घेऊन आला.

ते अंतराळयान होतं. खाली चाकं, वर टोकाला लाल बोंड, गोल खिडक्या, आणि एका खिडकीत हसणाऱ्या वैमानिकाचं चित्र. जमिनीवर घासून सोडलं की घुर्रर्र करत पळायचं. आई हसली. दादानं एका मासिकातलं खऱ्या यानाचं चित्र काढून आमच्यासमोर धरलं. माणसं ज्याच्यात बसून परत येतात त्या शेंड्याच्या भागाचं, फूट-इंचांतल्या मापांसकट. तो म्हणाला की खेळण्यात तळाचा घेर सोडला तर एकही गोष्ट खरी नाही. मग त्यानं ते कपाटावर ठेवून दिलं आणि आम्ही ते विसरलो.

त्याच हिवाळ्यात दादा साइटवर संध्याकाळी एका चरात पडला. कपाळाला खोक पडली. माती निसरडी होती, असं त्यानं घरी सांगितलं. पण त्या दिवसांत माती कोरडी ठणठणीत होती, आणि गेले काही महिने मी बघत होते, की दिवे लागले की तो भिंतीला हात लावून चालतो. एकदा दारात ठेवलेल्या कळशीला त्याची ठोकर लागली आणि कळशी इथे कुणी ठेवली म्हणून तो आईवर ओरडला. कळशी रोज तिथेच असायची.

आईनं तिच्या परीनं उपाय केला. सातपाटीहून मासळी घेऊन दारावर येणाऱ्या मावशीला तिनं विचारलं. मावशीनं पाटी उतरवली आणि सांगितलं, “आमचेकडं मुशीचं तेल हाय. रोज पाज त्याला. डोल्यांना बरं पडतं.” पुढच्या खेपेला तिनं बाटली भरून ते माशाचं तेल आणलं. पैसे घेतले नाहीत. दादा नाक धरून रोज सकाळी ते प्यायचा आणि त्याच वासानं गाडीला जायचा.

तेलानं फरक पडला नाही तेव्हा मी हट्ट करून त्याला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या मागचा पडदा कडेकडून सुकत चाललाय, असं त्यांनी सांगितलं. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग मधलं भोक उरतं तेही बारीक होत जातं. औषध नाही. किती वर्षं लागतील ते सांगता येणार नाही. समोरचं वाचता बराच काळ येईल, एवढंच बरं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “तुम्ही सख्खी बहीण ना? हे कुटुंबात असू शकतं. तुमचेही डोळे एकदा दाखवून घ्या.”

मी दाखवले नाहीत. मला धीर झाला नाही. त्यानंतर शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, दोन्ही हात बाजूला पसरायची आणि बोटं हलवून ती दिसतात का ते बघायची. दिसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची.

घरी आल्यावर दादानं आईला सांगितलं की चष्मा लागेल. पण आईला फार दिवस फसवता आलं नाही. तिनं एका दुपारी मलाच गाठलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की बाहेर कुणाला कळलंय का. त्या वेळी सफाळ्याच्या एका घरातून माझ्यासाठी बोलणी चालू होती.

इकडे साइटवरचं काम संपत आलं होतं. ठेकेदाराची माणसं कमी होत होती. त्यांतल्या काही ड्राफ्ट्समनना वीजकेंद्राच्या कायमच्या नोकरीत घेणार, त्याआधी वैद्यकीय तपासणी होणार, असं ठरलं. त्यात दादाचं नाव होतं. डोळ्यांची तपासणी म्हणजे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा. तक्ता तर तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला असता. समोरचं त्याला माझ्याहून चांगलं दिसायचं. आईला हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. ती म्हणाली की देवानं एवढी तरी वाट ठेवली.

दादा मात्र त्या दिवसापासून ताटावर नुसता बसून राहू लागला. शेवटी एका रविवारी त्यानं मला मागच्या अंगणात बोलावलं आणि ऑफिसात काय झालं ते सांगितलं. नळांच्या एका नकाशात कोपऱ्यातलं एक माप त्याच्याकडून राहून गेलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या सहज लक्षात आलं म्हणून भागलं. दादाला चूक होण्याचं दुःख नव्हतं. चुका सगळ्यांकडून होतात. पण तो कागद त्यानं स्वतः दोनदा तपासला होता.

“मला दिसतं ते अगदी स्वच्छ दिसतं,” तो म्हणाला. “पण काय दिसत नाहीये, तेच मला कळत नाही. तिथे भोक नसतं, काळं नसतं. तिथे काहीच नाही असं वाटतं.”

मग तो आत गेला आणि कपाटावरचं खेळणं घेऊन आला. याचं मी खरं यान करणार, म्हणाला. तळ सहा इंचांहून थोडा जास्त आहे आणि खऱ्याचा बारा फूट दहा इंच, म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट हे प्रमाण आपोआपच बसतं. बाकी सगळं त्या मापात आणायचं. हे काम ड्रॉइंगसारखंच आहे. आखायचं, कापायचं, जोडायचं, आणि कुठे चुकलं तर लपत नाही.

“तू मोजायचं,” तो म्हणाला. “चुकलं तर चुकलं म्हणायचं. माझ्याकडे बघून नाही, पट्टीकडे बघून.”

“आणि जमलं तर?”

“तर तपासणीला जाईन आणि नोकरीत राहीन.”

जमलं नाही तर काय, ते मी विचारलं नाही.

सुरुवात चांगली झाली. रात्री त्याला दिसायचं नाही, म्हणून काम सकाळी गाडीच्या आधी आणि रविवारी चालायचं. धुण्याच्या दगडाशेजारी गोणपाट टाकून तो बसायचा. त्यानं चाकं काढली, आतली घुर्रर्र करणारी यंत्रणा काढली, लाल बोंड उपटलं. पॉलिशपेपरनं रंग घासला तेव्हा तो हसरा वैमानिक आधी तोंडाकडून गेला आणि मग सगळाच गेला. खऱ्या यानाचा तळ सपाट नसतो, उथळ परातीसारखा बाहेर फुगलेला असतो. दादानं वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीनं तो फुगवटा ठोकून काढला. मी पट्टी आणि काटकोन बघायचा गुण्या लावून बघितलं. मापात होता. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला आणि आईनं मला स्वयंपाकघरातून हळूच विचारलं, “जमतंय ना?” मी मान हलवली.

मग शंकू आला. खेळण्याचा शंकू उंच आणि अरुंद होता, तो फेकूनच द्यावा लागणार होता. नवा करायचा म्हणजे वनस्पती तुपाचा डबा कापून सपाट पत्रा घ्यायचा आणि त्यावर शंकूचा उलगडा आखायचा. शंकू उभा चिरून पसरला तर पंख्यासारखा आकार होतो. तो आधी काढायचा, कापायचा आणि वळवून दोन कडा जोडायच्या. कडा एक केसभर जरी चुकल्या तरी शंकू एका बाजूला कलतो. दादासारख्या माणसाला हे डोळे मिटून यावं असं काम. निदान आम्हाला तसं वाटलं होतं.

त्यानं पत्र्यावर कंपास रोवला. मी समोर बसले होते, म्हणून मला त्याचा चेहरा दिसत होता. कंपासच्या रोवलेल्या टोकाकडे बघितलं की त्याला आखणारं टोक दिसत नव्हतं, आणि आखणाऱ्या टोकाकडे बघितलं की रोवलेलं दिसत नव्हतं. त्याचं डोकं इकडून तिकडे हलत होतं, एखादी माशी शोधावी तसं. मधे रोवलेलं टोक सरकलं. त्याला ते कळलं नाही. मला कळलं.

पहिला शंकू तयार झाला तेव्हा मी त्याला गुण्या लावला.

“वाकडा आहे, दादा.”

“किती?”

“दोन सूत.”

म्हणजे पाव इंच. एवढ्याशा वस्तूत पाव इंच म्हणजे उघड्या डोळ्यांनी दिसणारा कल. त्यानं शंकू हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला, फिरवला. त्याला एका वेळी त्याचा एक तुकडाच दिसत होता आणि प्रत्येक तुकडा सरळ होता. त्यानं जोड उपटला आणि दुसरा डबा मागितला.

दुसरा शंकू कमी कलला. तिसरा पुन्हा पहिल्याइतका. त्यानंतर कितवा शंकू ते मोजणं मी सोडून दिलं, मापं मात्र घेत राहिले. तो पहाटे उजाडायची वाट बघत दारात बसलेला असायचा. पत्र्यानं त्याची बोटं चिरली होती, त्यांवर त्यानं चिंध्या बांधल्या होत्या आणि त्यामुळे हात आणखीच जड झाले होते. शेजारीपाजारी तुपाचे रिकामे डबे मागायला मी जायची, आणि लोक हसून विचारायचे, दुकान काढताय का. वाकडे शंकू अंगणाच्या कोपऱ्यात साठले. उन्हात ते असे चमकायचे, की मला शाळेत जाताना तिकडे बघवत नसे.

तपासणी जवळ आली तसं आईनं मला चुलीपुढे बसवलं आणि बरोबर आहे असं सांग म्हणून विनवलं. एकदाच सांग. तो जाईल, तक्ता वाचेल, सही होईल. पुढचं पुढे बघू. तुझंही लग्न होऊन जाईल.

“आणि एखाद्या नकाशात काही राहिलं तर?”

“तिथे दहा माणसं तपासायला असतात.” तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. “तुला त्याची दया नाही येत?”

मी उठून बाहेर आले. दादा पत्र्यावर वाकला होता. मी त्याच दिवशी आणखी एका शंकूला गुण्या लावला आणि वाकडा आहे म्हणून सांगितलं. त्यानं या वेळी किती ते विचारलं नाही. हातातली कात्री बाजूला ठेवली. मी त्याला चहा आणून दिला. तो त्याच्या गुडघ्याशेजारी ठेवलेला त्याला दिसला नाही आणि मीही सांगितलं नाही. चहा गार झाला.

मग तो म्हणाला, “तू काप. मी सांगतो.”

मी आयुष्यात कधी पत्रा कापला नव्हता. तो माझ्या मागे बसला. कंपास कसा रोवायचा, मनगट कुठे टेकायचं, कात्री पूर्ण मिटायची नाही, थोडी उघडी ठेवून पुढे सरकवायची, नाहीतर कडेला दाते पडतात, हे सगळं त्यानं न चिडता सांगितलं. मी एक डबा वाया घालवला. दुसऱ्यात पंखा नीट निघाला. तो वळवताना त्यानं बोट कडेवरून फिरवलं आणि कुठे उचल आहे ते मला दिसलं नाही, त्याला कळलं. शेगडीत तापवलेली डाक द्यायची सळई घेऊन मी कथलाचा जोड दिला. शंकू सरळ उभा राहिला.

त्यानंतर कामाला वेग आला. पाच खिडक्या मी कापल्या. चित्रात त्या सारख्या नव्हत्या. समोरच्या दोन तिरक्या, बाजूच्या दोन चौकोनी, दारातली एक गोल. शेंड्याशी बाहेर पडायचा बोगदा असतो, त्यासाठी औषधाच्या छोट्या डबीचा गोल लागला. दार आखताना माझी रेघ जाड आली तर तो म्हणायचा, श्वास धर. शेवटी चुन्यानं पत्रा घासला तेव्हा ते यान मासिकातल्या चित्रासारखं लखलखलं. मी सगळी मापं घेतली आणि एकेक वाचून दाखवली. तो चित्रातलं माप सांगायचा, मी माझं. एकही चुकलं नव्हतं.

त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि अंगठ्यांनी खिडक्या चाचपल्या.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “म्हणजे झालं.”

तपासणीच्या दिवशी आईनं देवापुढे दिवा लावला. दादा नेहमीच्या गाडीनं गेला आणि दुपारीच परत आला. त्यानं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. तिथले डॉक्टर कागदावर लिहायला लागले तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं की मला बाजूचं दिसत नाही, मुंबईला दाखवलंय. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि असं कुणी आपणहून सांगत नाही, एवढंच म्हणाले. आईनं हे ऐकलं आणि ती त्या रात्री जेवली नाही. माझ्याशी ती बरेच दिवस बोलली नाही. शंकू वाकडा आहे म्हणत राहून दादाला नोकरीवरून घालवलं मी, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

जुलैत चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी रेडिओवर आली. पालघरमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आमच्याकडे यान आहे हे शेजाऱ्यांकडून शाळेत कळलं, आणि मुख्याध्यापकांनी ते एका कार्यक्रमात मांडायचं ठरवलं. हॉलमध्ये पालक आले, गावातले चार प्रतिष्ठित आले. दादाला व्यासपीठावर आणि आईला व मला पुढच्या ओळीत बसवलं. दादाची नोकरी सुटल्याचं आम्ही बाहेर सांगितलं होतं ते साइटवरचं काम संपलं म्हणून. त्याच्या डोळ्यांचं कुणालाच माहीत नव्हतं. सफाळ्याची मंडळीही आली होती. मुलीची शाळा बघावी, म्हणून.

मुख्याध्यापकांनी दादाचं तोंड भरून कौतुक केलं. असे हात हजारात एकाला असतात, म्हणाले. टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांपैकी एकजण उठला आणि त्यानं सांगितलं की ठाण्याच्या प्रदर्शनासाठी चंद्रावर प्रत्यक्ष उतरलेल्या दुसऱ्या यानाचंही असंच मॉडेल दादानं करावं, आठवड्याभरात, सामान आम्ही देऊ. दादा हसला. तो नुसता हसत राहिला, पट्टीनं आखल्यासारखा, आणि त्याच्या ओठांवर ‘हो’ येताना मला दिसलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असं आईनं आमच्याकडून वदवून घेतलं होतं. मला अंगणाच्या कोपऱ्यातले ते शंकू दिसले. पुन्हा पहाटे दारात बसलेला तो दिसला.

मी उभी राहिले. आईनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं, ते सुटलं.

“त्याला जमणार नाही,” मी म्हणाले. “त्याला बाजूचं दिसत नाही. हे यान त्यानं सांगितलं आणि मी कापलं.”

हॉलमध्ये कुजबूज झाली. मुख्याध्यापक काहीतरी बोलायला लागले आणि थांबले. मी दादाकडे बघितलं. त्याचं हसू गेलं होतं आणि त्या जागी जे आलं त्याला मी काय म्हणू, मला अजून कळत नाही. राग नव्हता. खूप लांब चालून आलेला माणूस बसल्यावर जसा दिसतो तसा तो दिसत होता.

सफाळ्याहून आठवड्यात नकार आला. कारण त्यांनी दिलं नाही, आम्ही विचारलं नाही. आईनं त्या दिवशी मला जवळ घेतलं आणि मग दोघीही रडलो. तिचं माझ्याशी न बोलणं तिथे संपलं.

पुढची दोनेक वर्षं वाईट गेली. दादा घराबाहेर पडेना. माझ्या पगारावर घर चालायचं आणि तो त्याचीच लाज धरून कमी जेवायचा. एकदा दुपारभर तो घरात नव्हता. मी शोधत निघाले तेव्हा केळव्याच्या वाटेवर एका सुपारीच्या वाडीच्या कुंपणाशी तो उभा सापडला. पुढे खड्डा आहे की सावली हे न कळून थांबलेला. किती वेळ उभा होतास, असं मी विचारलं. आठवत नाही म्हणाला.

नंतर बोईसरजवळ कुंभवलीच्या बाजूला कारखाने येऊ लागले. त्यांतल्या एकात त्याला टेलिफोनवर बसायचं काम मिळालं. ते त्याला जमलं. तिथे त्याला आवाजावरून माणसं ओळखता येऊ लागली. पण पत्र्याला किंवा पेन्सिलीला त्यानं पुन्हा हात लावला नाही, आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही.

मी पुढे एकदाचे डोळे दाखवून घेतले. माझ्या डोळ्यांत काही निघालं नाही. मला त्याचा आनंद झाला आणि तो आनंद घेऊन घरी जायला मला फार जड गेलं. मी कुठे गेले होते ते दादाला माहीत होतं. तो दारातच बसला होता. माझ्या पावलांवरून त्यानं काय निघालं ते ओळखलं असावं, कारण मी काही बोलायच्या आत त्यानं बसल्या जागीच बाजूला सरून मला वाट करून दिली आणि म्हणाला, “बरं झालं.”